पिसवा, उवा आणि विडालमध्ये न सापडणारा ताप: वाड्यावर आधी काय करायचं?

आरोग्यसमिती_सत्तरी

गोव्यातल्या वाळपईच्या पुढच्या एका वाड्यासाठी कामाचा आराखडा बनवतो आहोत. चाळीसेक घरं आहेत, बहुतेक नळ्यांच्या कौलांची, गोठे घराला लागून आणि मागे कुळागर (माड-पोफळींची बाग). माळ्यावर उंदीर, न्हाणीमागे घुशींची बिळं, कुत्र्या-मांजरांच्या अंगावर पिसवा.

तीन रुग्णांचं चित्र सारखं आहे. दहा-बारा दिवस ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग ठणकणं. विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्तचाचणी, पुसट पॉझिटिव्ह, पण टायफॉइडच्या गोळ्यांनी ताप हलला नाही. नंतर वेल-फेलिक्स या दुसऱ्या रक्तचाचणीत ओएक्स-१९ हा आकडा चढा आला आणि डॉक्सीसायक्लिनवर दोन दिवसांत ताप उतरला. कुणाच्याही अंगावर काळी खपली नव्हती.

आता वाड्यावर दोन मतं आहेत. काहींच्या मते शाळेतल्या मुलांच्या डोक्यातल्या उवांमुळे हा ताप पसरतोय. बाकीच्यांना घरोघरी उंदराचं औषध वाटून विषय संपवायचा आहे. दोन्हींबद्दल जाणकारांनी नेमकं सांगावं. चाचणी कोणती, कोणत्या दिवशी? फवारणी आधी की उंदीर आधी? चवथीला (गणेश चतुर्थीला) घरं माणसांनी भरतात, त्याआधी काय उरकता येईल?

---

फिजिशियन_फोंडा

वर्णन म्युरिन टायफसशी जुळतं. नावात टायफस असलं तरी टायफॉइडशी त्याचा संबंध नाही. जंतू रिकेट्सिया टायफी, तो उंदरावर राहतो आणि उंदराच्या पिसवेतून माणसाकडे येतो. पिसू चावताना जंतू आत सोडते असं बहुतेकांना वाटतं, पण मुख्य वाट वेगळी आहे. पिसू चावता चावता किंवा चावल्यावर तिथेच विष्ठा टाकते. खाज सुटते, माणूस खाजवतो, नखाने ती विष्ठा ओरखड्यात चोळली जाते. वाळलेली विष्ठा धुळीबरोबर नाकात गेली तरी लागण होऊ शकते. माळा झाडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

लागण झाल्यापासून ७ ते १४ दिवसांत ताप सुरू होतो. साधारण पाचव्या दिवशी छाती-पोटावर बारीक पुरळ येतं, पण ते निम्म्याच रुग्णांत दिसतं आणि सावळ्या त्वचेवर सहज निसटतं. शर्ट काढून, उजेडात, बाजूने पाहिल्याशिवाय "पुरळ नाही" असं लिहू नये. रक्तात प्लेटलेट थोड्या कमी, यकृताची एन्झाइम्स थोडी वाढलेली, सोडियम कमी. हे तिन्ही एकत्र दिसलं की आपल्याकडे डेंग्यू किंवा लेप्टोचा (उंदराच्या लघवीतून येणाऱ्या तापाचा) शिक्का बसतो आणि शोध तिथेच थांबतो.

काळी खपली पाहिलीत ते योग्यच. ती स्क्रब टायफसची खूण. तो जंतू वेगळा, ओरिएन्शिया, आणि तो झाडोऱ्यातल्या एका बारीक किड्याच्या पिल्लांमुळे, म्हणजे चिगरमुळे, येतो. खपली दुखत नाही, त्यामुळे रुग्ण स्वतःहून सांगत नाही. काख, जांघ, कमरेचा पट्टा, स्तनाखाली, कानामागे, वृषणावर शोधावी लागते. ती नसली म्हणून स्क्रब नाही असं म्हणता येत नाही, पण असली तर म्युरिन टायफस मागे पडतो.

उपचार दोन्हींना एकच, डॉक्सीसायक्लिन. मोठ्यांना १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. ४५ किलोखालच्या मुलांना वजनाप्रमाणे, किलोमागे दिवसाला साधारण ४.५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. ही मात्रा डॉक्टरनेच ठरवायची. आठ वर्षांखालच्या मुलाला डॉक्सी दिली की दात पिवळे होतात ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनमधून आलेली आहे. इतक्या कमी दिवसांच्या कोर्ससाठी ती आड येऊ देऊ नये. गरोदर स्त्रियांना अ‍ॅझिथ्रोमायसिन.

गोळी कशी घ्यायची हे सांगायला हवं, कारण अर्धे कोर्स तिथेच मोडतात. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्याबरोबर गिळून झोपलं तर गोळी अन्ननलिकेत अडकते आणि तिथे व्रण पडतो. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताची औषधं दोन तासांच्या अंतराने, नाहीतर औषध शरीरात शोषलंच जात नाही. शेतात काम करणाऱ्यांना ऊन बाधतं, टोपी आणि लांब बाह्या हव्यात.

४८ ते ७२ तासांत ताप उतरायला लागला नाही तर निदान पुन्हा तपासा. धाप, गुंगी, कावीळ किंवा लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर प्राथमिक केंद्रात थांबू नका, थेट मोठ्या इस्पितळात.

---

लॅबवाले

वेल-फेलिक्सबद्दल थोडं, कारण त्या एका आकड्यावर सगळं उभं राहतंय. या चाचणीत रिकेट्सियाच नसतो. प्रोटियस नावाच्या वेगळ्याच जंतूशी रुग्णाच्या अँटिबॉडी जुळतात, त्या योगायोगावर ती चालते. ओएक्स-१९ चढा म्हणजे टायफस गट, ओएक्स-के चढा म्हणजे स्क्रब, आणि ओएक्स-१९ च्या जोडीला ओएक्स-२ ही चढा असेल तर ठिपक्यांच्या तापाचा गट. ती स्वस्त आहे आणि बऱ्याच ठिकाणी होते. पण लघवीत प्रोटियसची लागण असली तरी ती चढते, आणि खऱ्या रुग्णात कित्येकदा चढत नाही.

पहिल्या आठवड्यात अँटिबॉडी तयार झालेल्या नसतात. चौथ्या दिवशी रक्त पाठवून "निगेटिव्ह" वाचलं तर त्याचा काहीच अर्थ नाही. खरी खात्री दोन नमुन्यांनी होते. पहिला ताप असताना, दुसरा दोन ते चार आठवड्यांनी, आणि दोन्ही एकाच लॅबमध्ये एकाच वेळी लावायचे. दुसऱ्यात अँटिबॉडी चौपट वाढल्या तर निदान पक्कं. या कामासाठी सर्वात विश्वासाची चाचणी इम्युनोफ्लुरोसन्स. पीसीआर, म्हणजे जंतूचा अंश थेट शोधणारी चाचणी, करायची असेल तर पहिल्या आठवड्यात, डॉक्सीचा पहिला डोस जाण्याआधी, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत. लाल झाकणाच्या नळीतला सीरम पीसीआरला पाठवला तर जंतू सापडण्याची शक्यता फार कमी, कारण तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत राहतो.

दुसरा नमुना घ्यायला रुग्ण येत नाहीत, बरं वाटलं की विसरतात. पहिल्या भेटीतच तारीख लिहून द्या. आणि निकालासाठी उपचार थांबवायचा नाही हे फोंड्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट म्हटलं नाही, ते मी म्हणतो.

---

फिजिशियन_फोंडा

बरोबर आहे. संशय पक्का असेल तर पहिली गोळी त्याच दिवशी.

---

कीटक_आणि_भिंग

मूळ प्रश्नाकडे येतो. डोक्यातल्या उवा या तापाला जबाबदार नाहीत. मुलांना वर्गात वेगळं बसवणं, केस कापायला लावणं, हे सगळं थांबवा.

माणसाच्या उवा दोन तऱ्हेच्या. एक डोक्यात राहते, केसाला लिखा चिकटवते. दुसरी अंगावरची. ती कपड्याच्या शिवणीत राहते, लिखाही शिवणीतच घालते आणि रक्त प्यायला तेवढी अंगावर येते. साथीचा टायफस, खंदकज्वर आणि उवांमुळे येणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा ताप, हे तिन्ही या दुसरीचे. उवा टायफस पसरवतात हे शार्ल निकोल यांनी १९०९ साली ट्युनिसमध्ये दाखवलं, त्यासाठी त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. त्या उवेला न बदललेले कपडे हवेत. युद्ध, तुरुंग, निर्वासितांच्या छावण्या, थंड डोंगराळ मुलूख, ही तिची ठिकाणं. गोव्याच्या उकाड्यात रोज आंघोळ करून कपडे धुणाऱ्या घरात ती टिकत नाही. शोधायचीच असेल तर एकाच जोडीवर दिवस काढणाऱ्या मजुरांच्या झोपड्यांत आणि रस्त्यावर झोपणाऱ्यांच्या कपड्यांत शोधा. कॉलर, काख आणि कमरेची शिवण उलटून पाहायची.

शिवणीतल्या उवेवर उपाय सोपा आहे. ५४ अंश सेल्सिअसवरच्या, हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात कपडे धुवायचे आणि शिवणीवरून कडक इस्त्री फिरवायची. अंगाला औषध लावण्याची बहुधा गरजच पडत नाही.

आता पिसवा. ओएक्स-१९ चढलेले तीन रुग्ण आणि घरात उंदीर, म्हणजे पहिला संशय झेनोप्सिला चिओपिस या उंदराच्या पिसवेवर. ती आहे की नाही हे घरच्या भिंगाखाली पाहता येतं. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराच्या पिसवा आणि कुत्र्या-मांजराच्या पिसवा वेगवेगळ्या बाटल्यांत ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. पिसू बाजूने चपटी असते, ती कडेवर आडवी पडलेली पाहायची. कुत्र्या-मांजराच्या पिसवेच्या गालाखाली आणि मानेच्या मागे काळ्या दातेऱ्यांची रांग दिसते, लहान फणी लावल्यासारखी. उंदराच्या पिसवेला दोन्ही ठिकाणी फणी नसते, डोकं गुळगुळीत. दहापट भिंग पुरतं. प्लेगच्या देखरेखीत एका उंदरामागे सरासरी किती चिओपिस पिसवा सापडतात हा आकडा धरतात. तो १ च्या वर गेला की धोका मानतात.

एक गोष्ट फसवते. प्लेगमध्ये उंदीर आधी पडतात, लोक सावध होतात. म्युरिन टायफसच्या जंतूने उंदीर आजारी पडत नाही, पिसूही मरत नाही, ती मरेपर्यंत जंतू बाळगते. त्यामुळे "उंदीर तर ठणठणीत आहेत" या वाक्याला काही अर्थ नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आधी उंदीर मारले की त्याचं अंग थंड पडतं आणि त्यावरच्या पिसवा उतरून जवळच्या गरम अंगाकडे जातात. माळ्यावर मेलेल्या उंदराच्या पिसवा खाली खाटेवर झोपलेल्या माणसावर पडतात. घरोघरी विष वाटणं म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांत रुग्ण वाढवणं. पिसवा आधी, उंदीर नंतर. यात तडजोड नाही.

करायचं असं. संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने लिंपून घ्या. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. त्या बिळांच्या तोंडात आणि उंदराच्या वाटेवर, म्हणजे भिंतीच्या कडेला जिथे तेलकट काळा पट्टा आणि लेंड्या दिसतात तिथे, कीटकनाशक भुकटीची वीतभर रुंद पातळ पट्टी टाका. मॅलाथिऑन ५ टक्के भुकटी या कामाला चालते. ढीग घालू नका. उंदीर ढीग टाळून बाजूने जातो, पातळ थरावरून चालतो आणि पोटाला लागलेली भुकटी अंग चाटता चाटता सगळ्या केसांत पसरवतो. दोन-तीन दिवस थांबा, एक-दोन उंदीर पकडून फणीने विंचरा. पिसवा नाहीत असं दिसलं की मग पिंजरे.

पावसाळ्यात उघड्यावरची भुकटी पहिल्याच सरीत वाहून जाते. त्यावर बांबू कामी येतो. हातभर लांबीची, उंदीर आरपार जाईल इतकी जाड नळी घ्या. मधोमध मूठभर भरड तांदूळ, विष न घातलेले, आणि दोन्ही तोंडांशी भुकटी. नळी भिंतीला समांतर, ओट्याच्या किंवा वळचणीच्या आडोशाला बांधा. दोन दिवस धान्य खाल्लं जातंय का पाहा, तिसऱ्या दिवशी भुकटी बदला. विहीर, ओहोळ आणि पाटापासून दूर ठेवा. टाकणाऱ्याने हातमोजे, नाकाला मास्क, पूर्ण बाह्या. मळमळ, लाळ सुटणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं यातलं काही झालं तर काम सोडून लगेच इस्पितळात.

---

पंच_केपे

आमच्याकडे दोन दिवसांपूर्वीच झिंक फॉस्फाइड हे उंदराचं विष वाटून झालं आहे. आता परत घ्यायचं की काय?

---

कीटक_आणि_भिंग

हो, उरलेलं आजच गोळा करा. मोजून करा, किती पुड्या वाटल्या आणि किती परत आल्या. झिंक फॉस्फाइड घरात वापरण्याचं औषध नाही. पोटातल्या आम्लात त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्याला उतारा नाही. मूल, कुत्रा, कोंबडी, कुणीही खाऊ शकतं. शेताच्या बांधावर वापरायचं असेल तर प्रमाण ठरलेलं आहे: ९६ भाग भरड धान्य, २ भाग तेल, २ भाग औषध. आधी दोन-तीन दिवस नुसतं धान्य आणि तेल. ते टाळलं तर उंदीर थोडं चाखून आजारी पडतो आणि पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. कालवायला काठी, हात नाही.

जे उंदीर मेले असतील ते शोधा. माळा, लाकडांची रास, नारळाच्या सोडणांचा ढीग. मेलेल्या उंदरावर आधी भुकटी किंवा पिसवांचा फवारा मारा, दहा मिनिटं थांबा, चिमट्याने दुहेरी प्लास्टिक पिशवीत घाला, तोंड बांधा, विहिरीपासून लांब दोन फूट खोल पुरा. शेपटीला धरून बाहेर भिरकावणं बंद.

त्या घरांतल्या माणसांना पुढचे दोन आठवडे ताप आला तर लगेच कळवायला सांगा. आणि उंदीर विष न खाता आपोआप मरून पडताना दिसले तर ती गोष्ट निराळी, त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवायची. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेग उठला होता. प्लेगचा पिसवेशी संबंध पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला. तो जंतू अजून गेलेला नाही.

घरात विषच लागलं तर ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के, कुलूपबंद आमिषपेटीत. उंदीर चार ते सात दिवसांनी मरतो म्हणून तो घाबरून आमिष सोडत नाही, आणि चुकून कुणी खाल्लं तर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट मात्र घरात आणूच नये, तिच्याने यकृत जातं.

---

पशुवैद्य_डिचोली

कुत्र्या-मांजरांचं वेगळं सांगतो, कारण त्यांच्या पिसवेतही जंतू असतात. मांजराच्या पिसवेत रिकेट्सिया फेलिस सापडतो आणि तो पिसवेच्या अंड्यांतूनच पुढच्या पिढीत जातो. बार्टोनेला हेन्सेली हा दुसरा. मांजराच्या नखांत पिसवेची विष्ठा असते, ओरखड्यातून ती माणसात जाते आणि एक ते तीन आठवड्यांत काखेत किंवा मानेत गाठ येते. ओरखडा लगेच साबणाने धुवायचा. हृदयाची झडप खराब असलेल्यांनी पिसवाळलेलं मांजर मांडीवर घेऊ नये.

पिसवा आहेत का हे ओळखायला पांढरा कागद ओला करा, त्यावर जनावराचं कमरेजवळचं केस विंचरा. काळे कण पडतील. ओल्या कागदावर त्यांच्याभोवती तांबूस वर्तुळ पसरलं तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. तसेच काळे राहिले तर माती.

आता चूक कुठे होते ते. घरातल्या पिसवांपैकी मोठ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या पिसवा साधारण पाच टक्केच. बाकी अंडी, अळ्या आणि कोष असतात, आणि ते जनावरावर नसून जमिनीच्या भेगांत, गोठ्याच्या कोपऱ्यात, पडवीतल्या गोणपाटाखाली असतात. कुत्र्याला आंघोळ घातली, चार दिवसांनी पुन्हा पिसवा, लोक म्हणतात औषध बनावट. औषध बरोबर होतं, कोष फुटले. कोषावर कुठलीच फवारणी चालत नाही. पिसू आत तयार होऊन वाट पाहते आणि पावलांचा हादरा किंवा उबारा लागला की बाहेर येते. म्हणून बंद घर उघडलं की पहिल्या तासात पायांवर चढतात. फवारणीनंतर दोन ते चार आठवडे थोड्या पिसवा दिसतच राहणार. त्या काळात फवारणी दुप्पट करू नका, झाडलोट दुप्पट करा.

घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी औषध. फिप्रोनिल मानेवर, केस दुभंगून थेट कातडीवर, किंवा पशुवैद्याने दिलेली पिसवांची गोळी. निदान तीन महिने सलग.

मांजराला कुत्र्याचं परमेथ्रिन लावू नका. गुरांच्या गोचिडाचं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझही नाही. मांजर ते पचवू शकत नाही. थरथर, मग झटके, आणि वेळेत आणलं नाही तर दगावतं. गोठा फवारताना मांजर बाहेर, आणि जमीन वाळेपर्यंत बाहेरच. लहान पिल्लांना औषध नको, बारीक फणी आणि साबणाच्या पाण्याचं भांडं, विंचरून पिसवा त्यात बुडवायच्या.

गोठ्यात आणि पडवीत ऊन येऊ द्या. अळीला दमटपणा लागतो, कोरड्या उन्हात ती मरते. शेणाने सारवलेल्या जमिनीला हरकत नाही, पण भेगा भरून, गुळगुळीत सारवलेली हवी.

---

शाळातपासणी_नर्स

डोक्यातल्या उवा टायफसच्या नसल्या तरी काढायच्या तर आहेतच. खाजवून टाळूवर पुवाच्या फोडी होतात, मानेच्या गाठी सुजतात.

परमेथ्रिन १ टक्का लोशन. केस साध्या शाम्पूने धुवा, कंडिशनर लावू नका, टॉवेलने टिपून ओलसर ठेवा. कानामागे आणि मानेच्या रेषेवर नीट पोहोचेल इतकं लावा, लांब केसांना एक बाटली पुरत नाही. घड्याळ लावून १० मिनिटं, मग धुवा. नवव्या दिवशी पुन्हा. दुसरी खेप चुकली म्हणूनच बहुतेक ठिकाणी उवा परततात. लिखा सात ते नऊ दिवसांत फुटतात आणि पहिल्या खेपेला त्यातल्या काही वाचतात. दोन महिन्यांखालच्या बाळाला हे नको. घरात ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्या सगळ्यांना एकाच दिवशी.

ज्यांना औषध नको त्यांनी खोबरेल चोपडून, केसांचे चार भाग करून, दातांत फट नसलेल्या लोखंडी फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरावं. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कपड्यावर पुसून पाहायची. दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. मुळापासून बोटाच्या पेरापलीकडे असलेल्या लिखा बहुधा रिकाम्या कवच्या असतात, त्यांच्यासाठी पुन्हा औषध लावायचं नाही.

सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावू नका. तिचा एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाच्या काचेला जखम होते, आणि मूल डोळे चोळतंच. रॉकेल तर अजिबात नको, चुलीच्या घरात तर नाहीच.

---

बागायतदार_काणकोण

कुळागर आहे म्हणता, तर माडावरचा उंदीर विसरू नका. नळ्यांच्या छपरावर तो झावळीवरून उतरतो. घर कितीही साफ केलं तरी वरून भरती चालू राहते. खोडाला जमिनीपासून २ मीटर उंचीवर ४० सेंटीमीटर रुंदीचा गॅल्वनाइज्ड पत्र्याचा गुळगुळीत पट्टा बसवा. पण झावळ्या शेजारच्या माडाला किंवा छपराला टेकत असतील तर पत्रा लावून काही मिळणार नाही, आधी त्या छाटा. शेंड्यावर ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवायच्या तर पाच माडांमागे एका माडावर, १२ दिवसांच्या अंतराने दोनदा. तेही पिसवांचं काम झाल्यावर, वरच्या मंडळींनी सांगितलेल्या क्रमानेच.

सरपण भिंतीपासून सुटं, जमिनीपासून हातभर उंच मचाणावर. भात आणि काजूबिया पत्र्याच्या पिंपात. बोटभर जाडीची फट उंदराला पुरते.

---

आरोग्यसमिती_सत्तरी

मनापासून आभार. उवांचा मुद्दा उद्याच शाळेत स्पष्ट करतो, दोन मुलींना वेगळं बसवलं आहे ते आधी थांबवतो. अजून दोनच गोष्टी. माळे झाडायला बायका जाणार, त्यांनी धूळ कशी टाळायची? आणि चिचुंद्र्या खूप आहेत, त्या धान्याच्या आमिषाला येत नाहीत.

---

कीटक_आणि_भिंग

कोरडं झाडायचं नाही. १ लिटर पाण्यात ताजी ब्लीचिंग पावडर १५ ग्रॅम, उघड्यावर कालवून निवळ वरचं पाणी घ्या. लेंड्या, उंदराचं घरटं, कोपरे यांवर हलक्या हाताने शिंपडा, जोराने फवारलं तर धूळ उडतेच. दहा मिनिटं मुरू द्या, मग ओल्या फडक्याने गोळा करा. लेप्टोसाठीही हेच लागतं. दारं-कौलं अर्धा तास आधी उघडून ठेवा. मास्क, हातमोजे, डोक्याला घट्ट फडकं, सलवार किंवा पायजमा मोज्यात खोचलेला. उतरल्यावर ते कपडे खाटेवर टाकायचे नाहीत, सरळ गरम पाण्याच्या बादलीत. ब्लीचिंग आणि टॉयलेट साफ करायचं आम्ल एकत्र करू नये, विषारी वायू सुटतो.

मॅलाथिऑन टाकलेल्या पट्ट्या त्याच दिवशी पुसू नका. चवथीच्या हिशेबाने असं बसवा: तीन आठवडे आधी बिळं मोजणं, भुकटी आणि जनावरांची औषधं. त्यानंतर चौथ्या दिवसापासून पिंजरे, शेवटच्या आठवड्यात माळ्याची ओली सफाई. पाहुणे येतील तेव्हा पिसवांचे बहुतेक कोष फुटून गेलेले असतील.

चिचुंद्री किडे खाते, तांदूळ तिला नको. पिंजऱ्यात सुक्या बांगड्याचं डोकं बांधा. आमिष नुसतं ठेवलं तर ती दार न पाडता पळवते, म्हणून तारेने हुकाला घट्ट. तिच्याही अंगावर चिओपिस पिसवा असतात, त्यामुळे पिंजरा उघडण्याआधी तो जाड पिशवीत घालून पिसवांचा फवारा मारायला विसरू नका, आणि सापडलेल्या पिसवा वेगळ्या बाटलीत, बाटलीवर घराचा क्रमांक, तारीख आणि जनावराचं नाव पेन्सिलीने. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.